घरची मोटार आणि तिचे वंगण

(वडोदरा येथील मराठी वाहनधारकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बैलगाडीच्या काळी गाडीच्या साटीखाली बांबूचे एक नळकांडे लोंबत असे. त्यात एरंडेल व काजळी ह्यांचे काळे, चिकट मिश्रण भरलेले असे. ह्या मिश्रणास वंगण म्हणत. लांबच्या वाटेस लागण्यापूर्वी चाक उतरवून आसाला वंगण दिल्याखेरीज जाणता गाडीवान बैल जुंपीत नसे. कारण कोरड्या आसाचा भार अखेर बैलाच्या खांद्यावर येतो हे त्याला ठाऊक होते. पुढे मोटारी आल्या, विमाने आली, तरी एरंडेलाचा मान काही काळ टिकला. आरंभीच्या विमानांच्या यंत्रांत एरंडेलच घालीत. १९०९ साली इंग्लंडात निघालेल्या कॅस्ट्रॉल ह्या तेलाचे नावदेखील एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. जगातील एरंडीच्या पिकाचा फार मोठा वाटा भारतात, आणि भारतातील बहुतांश वाटा गुजरातेत पिकतो, हे लक्षात घेता वंगण हा विषय वडोदऱ्याच्या मातीला मुळीच परका नाही.

परका तो खनिज तेलाच्या दृष्टीनेही नाही. १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. त्यानंतर तीन वर्षांनी, १० मे १९६३ रोजी, पंडित नेहरूंच्या हस्ते कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्याची कोनशिला बसविण्यात आली. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेला हा कारखाना १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि पुढील वर्षी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन ह्यांनी तो राष्ट्रास अर्पण केला. शहरापासून हालोलकडे गेले की मोटारींचाच कारखाना लागतो. तेथे १९९६ पासून जनरल मोटर्स कंपनीच्या गाड्या बनत होत्या. २०१७ मध्ये त्या कंपनीने हालोलचे उत्पादन थांबविले, देशातील विक्रीही बंद केली, आणि तोच कारखाना एम. जी. मोटर ह्या दुसऱ्या कंपनीने घेतला. ज्या कुटुंबांच्या दारात तेव्हा शेव्हरोले गाड्या होत्या, त्यांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला : कंपनीच गेली, आता गाडीची देखभाल कोण करणार? त्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, परंतु ते पुष्कळांना उशिरा सुचले. गाडीबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका ज्यांनी जपून ठेवली होती आणि ज्यांचा मेस्त्री ती वाचणारा होता, त्यांना फारशी अडचण आली नाही.

मोटार ही एके काळी संस्थानिक, डॉक्टर आणि व्यापारी ह्यांच्या दारची वस्तू होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाहेर पडल्यावर ती हळूहळू नोकरदार व शिक्षक ह्यांच्या आवाक्यात आली. आज दांडिया बाजारातील अरुंद गल्लीतही दर दोन-चार घरांआड एक गाडी उभी दिसते. घर सोडले तर कुटुंबाने केलेली सर्वांत मोठी खरेदी बहुधा हीच असते. असे असूनही घरातील शिवणयंत्राला जितक्या नियमाने तेल पडत असे तितक्या नियमाने मोटारीच्या तेलाकडे पाहिले जात नाही. पेट्रोल संपले की गाडी थांबते, म्हणून पेट्रोलची आठवण राहते. वंगण कमी झाले तरी गाडी धावत राहते, आणि थांबते तेव्हा कायमची थांबते.

इंजिनात तेलाचे काम नेमके काय, हे समजून घेतले तर पुढील बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. गाडी मोठ्या रस्त्यावर धावत असताना इंजिनाचा दांडा मिनिटाला साधारण तीन हजार फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला पन्नास. दर फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली येऊन थांबतो. याचा अर्थ प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. ह्या सगळ्या धावपळीत धातूला धातू लागू न देणारा पडदा म्हणजे तेलाचा थर. तो केसाहूनही पातळ असतो. शिवाय पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता वाहून नेणे, रिंगा व सिलिंडर ह्यांमधील फट बुजविणे, जळणातून आलेली काजळी स्वतःत धरून ठेवणे आणि आतील भागांना गंज लागू न देणे, ही कामेही तेलच करते. काजळी धरून ठेवणे हा तेलाचा गुण होय. त्यामुळे डिझेल गाडीत नवे तेल घातल्यावर काही शे किलोमीटरांतच ते काळे पडले, तर दुकानदाराने फसविले असे समजण्याचे कारण नाही. उलट, महिनोन्महिने सोनेरी राहणारे तेल आपली काजळी इंजिनातच सोडीत नाही ना, अशी शंका घेण्यास जागा आहे. बोटांवर तेल चोळून, त्याचा वास घेऊन ते चांगले की वाईट हे सांगणारे अनेक जाणकार प्रत्येक गॅरेजात भेटतात. त्यांच्या अनुभवाचा आदर ठेवूनही सांगावे लागते की बोटांना एवढेच कळते की तेल आहे.

आता निवडीविषयी. डब्यावर ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३०, १५डब्ल्यू-४० असे आकडे असतात. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, तेलाचा दाटपणा मोजण्यासाठी ठरविलेली ही पद्धत आहे. डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याचे. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान तितके गार तेल अधिक प्रवाही. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा दाटपणा दर्शवितो.

येथे एक गैरसमज फार खोलवर रुजलेला आहे. वडोदऱ्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा येथे दाट तेल हवे, पातळ तेल थंड देशांसाठी, असे पुष्कळ जण मानतात. वरवर पाहता हे पटते. परंतु इंजिनातील थर्मोस्टॅट बाहेर दहा अंश असोत की त्रेचाळीस, शीतक पाण्याचे तापमान नव्वद अंशांच्या आसपासच राखतो. बेअरिंगला बाहेरच्या उन्हाची जाणीव फार थोडी होते. याउलट सकाळी गाडी सुरू करताना, भर उन्हाळ्यातसुद्धा, तेल चालू इंजिनातील तेलापेक्षा कितीतरी पट दाट असते, आणि इंजिनाच्या झिजेचा मोठा भाग ह्या पहिल्या काही क्षणांतच घडतो. अशा वेळी तेल वरच्या व्हॉल्व्हपर्यंत जितके लवकर पोहोचेल तितके बरे. दाट तेलाचा आग्रह जुन्या मेस्त्र्यांनी विनाकारण धरलेला नव्हता. अँबॅसडर, पद्मिनी किंवा आरंभीची मारुती ह्यांच्या इंजिनांतील फटी मोठ्या असत. त्यांना २०डब्ल्यू-४० अथवा २०डब्ल्यू-५० तेल शोभत असे. आजच्या इंजिनांतील फटी बारीक आहेत, तेलाच्या वाटा अरुंद आहेत, आणि काही इंजिनांत तर व्हॉल्व्हची वेळ बदलण्याचे कामही तेलाच्या दाबावर चालते. तेथे जुने दाट तेल घालणे म्हणजे अत्तराच्या कुपीत काकवी ओतण्यासारखे आहे. गाडी चालेल, पण इंधन जास्त खाईल आणि वरचे भाग सुरुवातीला तहानलेले राहतील.

दाटपणाखेरीज डब्यावर दर्जाची अक्षरे असतात. अमेरिकेच्या पेट्रोलियम संस्थेच्या, म्हणजे एपीआयच्या, वर्गवारीत एस ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनांसाठी व सी ने सुरू होणारी डिझेल इंजिनांसाठी असतात. पेट्रोलच्या वर्गात दुसरे अक्षर पुढचे तितका दर्जा अलीकडचा : एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, एसक्यू २०२५ चा. अलीकडचे तेल त्याच दाटपणाच्या जुन्या पेट्रोल गाडीला सामान्यतः चालते. मात्र जुन्या दर्जाचे तेल नव्या गाडीला घालू नये. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १३६५६ हे मानकही इंजिन तेलांनाच लागू आहे. डिझेल गाड्यांबाबत एक गोष्ट विशेष सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही प्रदूषण मर्यादा लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल मोटारींच्या धुराड्यात काजळी पकडणारी गाळणी असते. साध्या तेलाची राख त्या गाळणीत साचत जाते आणि ती निघत नाही. म्हणून ह्या गाड्यांना कमी राखेचे तेलच लागते. अशी गाळणी महाग असते. तेलावर वाचविलेले चारशे-पाचशे रुपये तेथे अनेक पटींनी मोजावे लागतात. शिवाय हीच गाळणी आतून जाळून स्वच्छ होत असताना थोडे डिझेल तेलात उतरते. केवळ गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या डिझेल गाडीत तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते ती ह्यामुळे. तेल वाढले म्हणून आनंद मानणारे मालकही आढळतात!

सिंथेटिक तेल घ्यावे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ते उष्णतेत अधिक टिकते, थंडीत अधिक सहज वाहते, महागही असते. माहितीपुस्तिकेत तेच सांगितले असेल तर तेच घालावे; टर्बो असलेल्या इंजिनांत तर त्यात काटकसर करू नये. पुस्तिका साध्या तेलावर समाधानी असेल तर साधे तेल वेळेवर बदलणे हे महाग तेल दोन वर्षे ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले. टर्बोच्या गाडीसंबंधी आणखी एवढेच की अहमदाबादहून ९३ किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाने वेगात आल्यावर लगेच किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. अर्धा-एक मिनिट ते संथ चालू द्यावे, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या आसावर तेल करपत नाही.

पातळी पाहण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, डिपस्टिक काढून कापडाने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. तेलाची रेषा दोन खुणांच्या मध्ये असावी. बहुतेक लहान गाड्यांत ह्या दोन खुणांमधील अंतर सुमारे एक लिटराचे असते, आणि संपूर्ण तेल तीन-साडेतीन लिटर. याचा अर्थ रेषा खालच्या खुणेवर आली तेव्हा जवळजवळ एकतृतीयांश तेल गेलेले असते. वरच्या खुणेच्या पुढे भरणेही घातकच, कारण फिरता दांडा तेलात बुडून त्याचा फेस करतो आणि फेसाने वंगण होत नाही. प्रवासात पातळी खाली गेली आणि नेमके तेच तेल मिळाले नाही, तर जवळच्या दाटपणाचे दुसरे चांगले तेल अर्धा लिटर घालून पुढे जावे. तेलाच्या जातीची चिंता करीत कोरडे इंजिन चालविण्यापेक्षा ते बरे. तेलाच्या झारीचे लाल चिन्ह पेटले तर मात्र प्रश्नच नाही : गाडी तेथेच बाजूला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. घर एकच किलोमीटर राहिले आहे, हा हिशेब इंजिनाला कळत नाही.

तेल केव्हा बदलावे? आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींना दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, ह्यांपैकी जे आधी येईल ते, अशी मर्यादा असते. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. दांडिया बाजारातून न्यायमंदिरापर्यंत, तेथून भाजी घेऊन घरी, अशी रोज दोन-तीन किलोमीटर फिरणारी गाडी वर्षात तीन हजार किलोमीटरही धावत नाही. मालकाला वाटते, तेल अजून नवेच आहे. वास्तविक अशा गाडीचे इंजिन कधी पुरते तापतच नाही. जळणातून निघालेली वाफ व अर्धवट जळलेले पेट्रोल तेलातच मुरत राहते. ते उडून जाण्याइतकी उष्णता त्याला मिळत नाही. ह्या गाडीचे तेल लांबचा प्रवास करणाऱ्या गाडीपेक्षा लवकर बिघडते. धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या, ओझे वाहणाऱ्या गाड्यांची मर्यादाही पुस्तिकेत कमीच दिलेली असते. ते बारीक अक्षरांतील पान वाचावे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे तेल स्वच्छ दिसते, परंतु ते जुने होतच असते. तेव्हा रंगावर जाऊ नये. खेड्यातील वाचकांसाठी हेही सांगितले पाहिजे की ट्रॅक्टरचे तेल किलोमीटरवर नव्हे तर तासांवर मोजतात, आणि त्यासाठी समोर तासांचे घड्याळ बसविलेले असते. ते बंद पडले असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्यावे. तेल बदलताना गाळणी, म्हणजे ऑइल फिल्टर, बदलावीच. ती वाचविणे म्हणजे आंघोळ करून मळके कपडे घालणे.

बाकीच्या देखभालीचे थोडक्यात असे की टायरांची हवा पंधरवड्यातून एकदा थंड टायर असताना तपासावी, कूलंटमध्ये बोअरचे जड पाणी ओतू नये, हवेची गाळणी धुळीच्या दिवसांत लवकर पाहावी, आणि ब्रेकचे तेल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, बदलावे. ते हवेतील ओल शोषून घेते.

बाजारातील बनावट तेलाविषयी बोलणे भाग आहे. नामांकित कंपनीचा रिकामा डबा भंगारवाल्याकडे जातो, तेथून तो कोठे जातो हे कोणी विचारीत नाही, आणि काही दिवसांनी गाळलेले जुने तेल भरून तो पुन्हा फळीवर येतो. ह्या व्यवहारातील कच्चा माल म्हणजे आपण दिलेला अखंड डबा. म्हणून तेल बदलून झाल्यावर डब्याला खिळ्याने भोक पाडावे अथवा तो कापावा, मगच टाकावा. गॅरेजात तेल आपल्यासमोर ओतावयास सांगावे, झाकणाचे सील, बॅच क्रमांक, तारीख पाहावी, पावती घ्यावी. मेस्त्र्याला ह्यात अपमान वाटण्याचे कारण नाही, आणि चांगल्या मेस्त्र्याला तो वाटतही नाही. सुटे तेल मापाने घेऊ नये.

काढलेल्या तेलाचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुतेकांना पडतच नाही. जळके तेल नाल्यात ओतले जाते, अंगणातल्या धुळीवर शिंपडले जाते, खेड्यात वाळवीसाठी दाराच्या चौकटींना आणि क्वचित जनावरांच्या जखमांना लावले जाते. जळक्या तेलात इंधनाच्या ज्वलनातून आलेली कर्करोगकारक द्रव्ये व झिजलेल्या धातूचे कण असतात. जनावराच्या जखमेला ते लावणे म्हणजे औषध म्हणून विष लावणे होय. त्वचेला त्याचा वारंवार स्पर्श मेस्त्र्याच्या हातांनाही वाईट. एका वेळच्या तेलबदलातून निघालेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते, असा इशारा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला आहे. वडोदऱ्यातील नाल्यांचे पाणी विश्वामित्रीत जाते. ही नदी पावागडाहून निघते, शहराच्या मधून वाहते, आणि तिच्यात शेकडो मगरी राहतात. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत इतक्या मगरी असणे ही जगात क्वचितच आढळणारी गोष्ट आहे. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर ते परत गोळा होऊन शुद्ध होईल असे पाहण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. वाहनधारकाने एवढेच करावयाचे की घरी तेल काढल्यास ते झाकणाच्या डब्यात साठवून अशा गॅरेजात द्यावे, जेथून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारा ते उचलतो.

आता विश्वामित्रीचाच दुसरा विषय, आणि वडोदऱ्याच्या वाहनधारकांपुढे तो टाळता येण्याजोगा नाही. ३१ जुलै २०१९ रोजी ह्या शहरात चोवीस तासांत वीस इंचांच्या आसपास पाऊस कोसळला. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली. तिची धोक्याची खूण सुमारे २६ फुटांवर धरली जाते. आकोटा, फतेगंज, समा, मुजमहुडा अशा वस्त्यांत घरांच्या तळमजल्यांत पाणी शिरले आणि हजारो गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. पाण्याने गाड्यांचे नुकसान केले हे खरे. पण पाणी ओसरल्यानंतरच्या एका दिवसात माणसांच्या हातून झालेले नुकसानही थोडे नव्हते.

असे एक घर डोळ्यांपुढे आणावे. सेवानिवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी, नोकरी करणारा मुलगा. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली पाच वर्षांची पेट्रोल गाडी दीड दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी उतरले, चिखल धुतला, ऊन पडले. मुलगा किल्ली घेऊन खाली येतो आणि म्हणतो, "बाबा, एकदा स्टार्टर मारून बघू या. लागली तर लागली." शिक्षक नेहमीच्या मेस्त्र्याला फोन लावतात. मेस्त्री विचारतो, "सर, किल्ली फिरवलीत का?" "नाही अजून." "फिरवू नका. मी येईपर्यंत कोणाला हात लावू देऊ नका. आधी बॅटरीची वायर काढून ठेवा." शेजारच्या घरी मात्र फोन झालेला नसतो. तेथे स्टार्टर फिरतो, एक धप्प असा आवाज येतो आणि गाडी गप्प होते.

त्या आवाजाचा अर्थ असा. पिस्टन हवा दाबू शकतो, कारण हवा दबते. पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये वाटीभर पाणी साचले असेल आणि स्टार्टरने पिस्टनला वर ढकलले, तर पाणी हटत नाही. वाकतो तो पिस्टनचा दांडा. इंजिन चालू होऊन वेग घेत असेल तर दांडा तुटून इंजिनाच्या भिंतीतून बाहेरही पडतो. जी गाडी तेल बदलून, वायरी वाळवून, गाद्या काढून उभी राहिली असती, तिचे इंजिनच खोलावे लागते.

येथे विम्याचा प्रश्न येतो, आणि त्यातील एक बारकावा अनेकांना महागात पडतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीस तीन वर्षांचा त्रयस्थ पक्षाचा विमा एकदमच घ्यावा लागतो. कागदावर तीन वर्षांची तारीख पाहून पुष्कळांचा समज होतो की गाडी तीन वर्षे सुरक्षित झाली. त्रयस्थ पक्षाचा विमा दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई करतो. स्वतःच्या गाडीत पाणी शिरले तर एक पैसाही देत नाही. त्यासाठी स्वतःच्या नुकसानीचा भाग असावा लागतो, आणि त्याची मुदत सहसा एकेक वर्षाची असते. तो भाग चालू असला तर पुराचे नुकसान त्यात येते. परंतु बुडालेली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिन मोडले, तर ते पुराने नव्हे, मालकाच्या कृतीने झालेले मानून विमा कंपनी बहुधा नाकारते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम जादा हप्ता देऊन घेतले असेल तरच त्याची आशा. आणि त्याच्याही अटी वाचून घ्याव्यात. विश्वामित्रीच्या काठच्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाने पावसाळ्यापूर्वी विम्याचा कागद काढून ह्या दोन ओळी पाहाव्यात. एरवी हा कागद पोलिसाने अडविल्यावरच उघडला जातो.

शिक्षकांच्या घरी मेस्त्री येतो तेव्हा तो काय करतो, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम तो चारी बाजूंनी गाडीची छायाचित्रे काढावयास सांगतो, पाण्याची रेषा दिसेल अशी. विमा कंपनीला कळविल्याशिवाय तो पानाही लावीत नाही. मग हवेची गाळणी उघडतो. ती ओली असेल तर पाणी सिलिंडरच्या वाटेला लागले असे समजावयाचे. नंतर डिपस्टिक. तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर त्यात पाणी मिसळलेले आहे. पातळी वर चढलेली असेल तरी तेच, कारण तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याने त्याला वर उचललेले असते. तेलाचा नट सोडला की आधी स्वच्छ पाणी येते, मग तेल; ज्याने हे एकदा पाहिले त्याला दुसरे स्पष्टीकरण लागत नाही. गाडी गॅरेजात न्यावयाची ती उचलून, ओढताना गिअर न घालता. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिची चालती चाके जमिनीवरून उचललेलीच हवीत.

गॅरेजात स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने, पान्याने, सावकाश फिरवितात, म्हणजे सिलिंडरमधील पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडते. गिअरचे तेल, ब्रेकचे तेल तपासून बदलतात. विजेचे जोड एकेक करून वाळवितात. हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि आजच्या गाड्यांत सर्वांत महत्त्वाचे. विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिन तेल नसते, म्हणून ती पुरात निर्धास्त असे मात्र समजू नये. तिच्या बॅटरीचा दाब जीवघेणा असतो, आणि पाण्यात राहिलेल्या अशा गाडीला प्रशिक्षित माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

मग नवी गाळणी बसवून स्वस्तातले, पण योग्य दाटपणाचे तेल भरतात, इंजिन थोडा वेळ संथ चालवितात, आणि तेच तेल पुन्हा काढून टाकतात. मालकाला हा अपव्यय वाटतो. शिक्षकांनाही वाटतो, ते मेस्त्र्याला म्हणतात, "अहो, कालच भरलेलं तेल काढताय!" मेस्त्री उत्तर न देता नट सोडतो. पहिली धार पुन्हा थोडी दुधाळ येते. इंजिनाच्या कानाकोपऱ्यांत, तेलाच्या बारीक वाटांत राहिलेले पाणी ह्या दुसऱ्या खेपेस निघालेले असते. तिसऱ्या वेळी, शंभरेक किलोमीटर चालवून आणल्यानंतर, तो डिपस्टिक काढून कापडावर टेकवितो. कापडावरचा डाग स्वच्छ तपकिरी असतो, आणि तेव्हाच तो पुस्तिकेत लिहिलेल्या तेलाचा नवा डबा उघडावयास सांगतो.